रंगविलेलीं फुलें

गेल्या श्रावणांतील एका सोमवारीं बाजारांतून आमच्या घरीं निळ्या गुलछडीच्या चार काड्या आल्या. "नवी जात आहे," असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें. आमच्या घरांतील मंडळींनीं मोठ्या हौसेनें तीं फुलें देवांना वाहिलीं. पूजा आटोपल्यावर पाहतों तों, ताम्हनांतील तीर्थाला निळसर झांक! नातवंडें हात पुढें करून उभींच होतीं. मीं पळी खालीं ठेवविली व तें पाणी ओतून टाकविलें. कोणता रंग, कशासाठीं केलेला, हें आम्हांस काय ठाऊक?

गुलछडी निसर्गतः निळी फुलत नाहीं. मग हा रंग पाकळ्यांत शिरला कसा? संस्कृतांत झाडाला 'पादप' म्हणतात. पायांनीं पितो तो पादप. पानाफुलांतून पाण्याची वाफ सतत उडून जाते आणि त्या ओढीनें देंठांतील केसासारख्या बारीक नळ्यांतून खालचें पाणी वर चढतें. त्यांत विरघळलेला रंगहि पाकळ्यांपर्यंत पोंचतो. पाणी उडतें, रंग मागें राहतो.

हें ऐकतांच धाकट्या नातीनें हट्ट धरला, "आजोबा, आपण घरीं करून पाहूं या ना!" कृति सोपी आहे. पांढऱ्या गुलछडीच्या किंवा शेवंतीच्या ताज्या काड्या घ्याव्या. अर्धा पेला कोमट पाण्यांत खाण्याचा रंग चमचाभर विरघळवावा. देंठाचें टोंक पाण्यांत बुडवून धरूनच धारदार सुरीनें तिरपें कापावें, म्हणजे नळ्यांत हवा शिरत नाहीं. मग काड्या रंगाच्या पाण्यांत उभ्या कराव्या. कांहीं तासांत पाकळ्यांच्या शिरा रंगूं लागतात. रात्रभरांत रंग चांगला भरतो. नंतर काड्या साध्या पाण्यांत ठेवाव्या. देंठ उभा चिरून दोन भाग दोन पेल्यांत सोडले, तर एकाच फुलांत दोन रंग उतरतात.

आजीचा आग्रह हळदीचा होता. तोहि प्रयोग केला. सकाळीं फुलें पांढरींच, आणि हळद पेल्याच्या तळाशीं! हळदीचा रंग पाण्यांत विरघळत नाहीं, मग तो वर चढणार कसा? नातीला ही फजिती यशापेक्षां अधिक शिकवून गेली.

वाळलेलें फूल मात्र पाणी पीत नाहीं. त्याला रंगांत बुडवावेंच लागतें. आमच्या पिंपळवंडीच्या बांधांवर पावसाळ्याअखेर कुरडूचे तुरे येतात. ते सावलींत उलटे टांगून वाळवावे, गरम पाण्यांत कालविलेल्या दाट रंगांत बुडवून काढावे व पुन्हां टांगावे. असे तुरे पुष्कळ दिवस टिकतात.

एक नियम मात्र घरांत पाळावा. रंगविलेलें फूल बैठकींतील फुलदाणींत शोभतें. तें देवाला, वेणींत वा ताटांत नको. ओलाव्यानें रंग सुटतो, आणि बाजारच्या फुलांतील रंग खाण्याचा असेलच असें नाहीं. कोणाला दिलें, तर रंगविलेलें आहे हेंहि सांगावें. रंगविण्यांत दोष नाहीं; 'नवी जात' म्हणण्यांत आहे.

हल्लीं आमच्या घरीं निळ्या काड्या बैठकींत असतात व पांढऱ्या देवघरांत. कोणत्या कोठें, हें आतां नातच सर्वांना बजावते.