दोन्ही मंडळी

आपण ख्रिस्ती माणसे चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. जुन्या मराठीत घरच्यांना, विशेषतः बायकोलाही, ‘मंडळी’च म्हणत. मला हा योग अर्थपूर्ण वाटतो.

गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे सांगतो. त्यांतली सहनशीलता आणि सौम्यता रविवारी दीड तास सहज जमते. सोमवारी चहाला उशीर झाला की खरे काय ते कळते!

रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. टिळकांचा संताप आणि औदार्य, दोन्ही लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिले. एवढ्या मोठ्या कवीचीही पुरी साक्ष घरातूनच मिळाली.

आणि आपण? मंडळीचे पंच निवडताना कोणाची प्रार्थना रसाळ ते बघतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात मात्र स्वतःचे घर नीट सांभाळणारा अध्यक्ष हवा, असे सांगितले आहे. त्याच्या बायकोला, सुनेला कोणी विचारते का? विचारायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या झाडाला फळ आले की नाही, हे घरची मंडळीच आधी सांगू शकतात.