मापाची खुर्ची आणि वाटपाचे राजकारण

दरवर्षी ३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन जवळ आला की जिल्ह्याजिल्ह्यांत चाकाच्या खुर्च्यांच्या वाटपाचे कार्यक्रम होतात. मंडप पडतो, मंत्री येतात, एकाच मापाच्या खुर्च्या ओळीने मांडल्या जातात, लाभार्थींना त्यांत बसवून छायाचित्रे घेतली जातात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत वाटलेल्या खुर्च्यांचा आकडा येतो. वर्षभरानंतर त्यांतील किती खुर्च्या वापरात उरल्या, हे मात्र कोणी विचारीत नाही. पुरोगामी पक्षांच्या कार्यकर्त्यांनीही अशी शिबिरे पुष्कळ भरविली आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ सरकारला विचारून भागणार नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी हालचालीचे अपंगत्व असणारे ५४ लाखांवर होते. या सर्वांना खुर्ची लागते असे नाही. पण ज्यांना लागते त्यांच्याकडे पाहिले म्हणजे प्रश्नाचे वर्गीय स्वरूप ध्यानात येते. परांचीवरून कोसळलेला बांधकाम मजूर, माडावरून पडलेला गडी, अपघातात पाठीचा कणा मोडलेला मालमोटारीचा चालक, बालपणी पोलिओने पाय गेलेली आणि आज पन्नाशी ओलांडलेली स्त्री, अशी ही माणसे आहेत. खुर्ची मिळते की नाही, आणि मिळालेली खुर्ची चालते की नाही, यावर त्यांची रोजी, शिक्षण आणि घराबाहेरचे सारे जग अवलंबून असते.

खुर्ची म्हणजे चार चाकांवर बसविलेले आसन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती चष्म्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या मापाची असावी लागते. आसन फार रुंद झाले तर माणूस एका अंगाला कलतो, कणा वाकडा होतो आणि चाकांपर्यंत हात नीट पोहोचत नाहीत. फार अरुंद झाले तर मांड्या घासतात. आसनाची कड आणि गुडघ्याची मागील बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. पावले टेकण्याची पट्टी फार वर असली तर मांड्यांवरचा भार सुटून सारा ढुंगणाच्या हाडांवर येतो; फार खाली असली तर ती रस्त्यावर आपटते. मागच्या चाकाचा आस थोडा पुढे घेतला तर खुर्ची हलकी चालते, पण मागे उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून तो किती पुढे घ्यावा हे बसणाऱ्याचे बळ आणि सराव पाहून ठरवावे लागते. इस्पितळात रोग्याला एका दालनातून दुसऱ्या दालनात नेण्यासाठी बनविलेली जड खुर्ची दुसऱ्याने ढकलण्यासाठी असते. स्वतः चाके फिरवून दिवसभर हिंडू पाहणाऱ्याला ती देणे म्हणजे त्याचे खांदे काही वर्षांत निकामी करणे होय.

यांत जिवाचाही प्रश्न आहे. कण्याला इजा झालेल्या अनेकांना कमरेखालची संवेदना नसते. एकाच जागी तासन्‌तास भार पडून रक्तपुरवठा थांबला तरी त्यांना वेदना होत नाही. कातडी काळवंडते, जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि तिच्यातील जंतुसंसर्गाने माणूस दगावू शकतो. हे टाळण्यासाठी योग्य गादी, दर अर्ध्या तासाला तरी पुढे वा बाजूला झुकून भार हलविण्याची सवय आणि रोज आरशाने कातडी पाहण्याची शिस्त लागते. शिबिरात खुर्ची मिळते. गादी क्वचित मिळते. हे शिक्षण तर बहुधा कोणी देतच नाही.

निवड जागेवरही अवलंबून असते. सव्वादोन फूट रुंदीची खुर्ची दोन फुटांच्या न्हाणीघराच्या दारातून जाणार नाही. खाचखळग्यांच्या रस्त्यावर पुढची लहान चाके रुततात. तेथे मोठे पुढचे चाक आणि लांब बांधणी उपयोगी पडते. हाताने चालवायची तीनचाकी सायकल बाजाराला जाण्यास उत्तम, पण ती स्वयंपाकघरात नेता येत नाही. म्हणजे एकाच माणसाला दोन साधने लागू शकतात. विजेवर चालणारी खुर्ची ज्यांच्या हातांत बळ नाही त्यांना वरदान ठरते, परंतु तिचे वजन, तिची बॅटरी आणि दारातील पायऱ्या यांचा विचार आधी व्हावा लागतो. हवेच्या टायरला पंक्चर होते खरे, पण ते गावच्या सायकलच्या दुकानात काढता येते. परदेशी बनावटीचा सुटा भाग मात्र तालुक्यालाही मिळत नाही आणि सारी खुर्ची त्याच्यासाठी अडून राहते.

इतकी साधी गोष्ट ध्यानात न येण्याचे कारण अर्थशास्त्राचे आहे. येथे वापरणारा विकत घेत नाही आणि विकत घेणारा वापरीत नाही. सरकार निविदा काढते, सर्वांत कमी किंमत भरणाऱ्याचा माल घेते. दाता घाऊक भावाने खुर्च्या आणतो. दोघांनाही एकाच मापाचा माल सोयीचा पडतो. खुर्ची वाईट निघाली तर तिचा भुर्दंड फक्त बसणाऱ्याला पडतो, आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करणे त्याला कृतघ्नपणाचे वाटावे अशी आपल्या दातृत्वाची रीत असते.

केवळ बाजारावर सोपवूनही हे सुटत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. १९१८ साली खाणीतील अपघातात कणा मोडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ च्या सुमारास घडीची खुर्ची तयार केली. अपंगांच्या गरजेतून जन्मलेली त्यांची कंपनी पुढे त्या बाजाराची धनीण झाली. १९७७ साली तेथील न्याय खात्याला तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरावा लागला. १९७९ मध्ये तो तडजोडीने मिटला. खुर्चीत खरी सुधारणा पुन्हा वापरणाऱ्यांनीच केली. स्वतः खुर्चीवर असणारे अभियंते राल्फ हॉचकिस १९८० साली निकाराग्वात गेले आणि तेथील अपंग तरुणांसह त्यांनी लहान कारखान्यांत, स्थानिक सामग्रीतून बनेल व दुरुस्त होईल अशी खुर्ची विकसित केली. तिचे आराखडे खुले ठेवल्यामुळे ती अनेक देशांत पोहोचली. आपल्याकडेही मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये देशी, मापाप्रमाणे जुळविता येणाऱ्या खुर्च्यांवर चांगले काम झाले आहे. तेव्हा ज्ञानाची उणीव आहे असे म्हणता येणार नाही.

कानपूरचे कृत्रिम अवयव निर्माण निगम १९७२ साली स्थापन झाले. अपंगांना साधने देणारी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. सार्वजनिक क्षेत्राने ही जबाबदारी स्वीकारली हे योग्यच झाले. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत खुर्ची देण्याचे आठ टप्पे सांगितले होते : नोंद, तपासणी, निवड, पैशाची तरतूद, जुळणी, अंगाला बेतून पाहणे, प्रशिक्षण आणि देखभाल. आपल्या शिबिरांत त्यांपैकी पहिले दोन-तीन कसेबसे उरकले जातात आणि शेवटचे तीन, ज्यांवर सारे अवलंबून, ते गळून पडतात.

यावर कोणी म्हणेल की सरकारने रोख रक्कम द्यावी आणि ज्याने त्याने बाजारातून हवी ती खुर्ची घ्यावी. निवडीचा हक्क वापरणाऱ्याचा, हे तत्त्व मान्य. पण मोजमाप करणारा जाणकार जवळपास नसेल तर ती रक्कम जवळच्या औषध-साहित्याच्या दुकानात जाईल आणि तेथेही तीच इस्पितळी खुर्ची मिळेल. आधी सेवा उभी राहिली पाहिजे. मग पैशाला अर्थ येतो. आणि स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याचेही सरकारने फारसे भले केलेले नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा अपंगांच्या संघटनांनी विरोध करूनही चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के कर बसविण्यात आला. पाय असणाऱ्याला चालण्यावर कर पडत नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. तिचा हिशेब ग्रामसभेत मागावा. त्यातून तालुक्याच्या ठिकाणी एक दुरुस्ती-केंद्र चालवावे. एखाद्या सायकल कारागिराला प्रशिक्षण द्यावे. शक्य तेथे खुर्ची वापरणाऱ्यांची सहकारी संस्था काढून तिच्याकडेच ते सोपवावे. मोजमाप आणि प्रशिक्षण जिल्हा रुग्णालयातून नियमित मिळावे, अशी मागणी लावून धरावी. वाटप करावयाचेच असेल तर आधी यादी, मग माप, मग खुर्ची हा क्रम पाळावा आणि सहा महिन्यांनी घरोघर जाऊन पाहावे. खुर्ची उत्तम असून दारात तीन पायऱ्या असतील तर ती व्यर्थ आहे. म्हणून पक्षाच्या कार्यालयापासूनच आरंभ करून एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार घालावा. सुगम्यतेचे निकष सक्तीचे असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालात स्पष्ट केले आहे. त्याचा आधार घेऊन तहसील कचेरी, बँक आणि बसस्थानक यांच्या दारांतही हा आग्रह धरता येईल.

'अपंग' म्हणावे की 'दिव्यांग', यावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली. नावाने माणसाचा मान वाढतो असे ज्यांना वाटते त्यांनी ते जरूर वाढवावे. परंतु खुर्चीवरच्या माणसाला आधी विचारावे की त्याला कोठे जायचे आहे, आणि मग त्याचे माप घ्यावे. समतेच्या चळवळीला शोभणारे काम हे आहे. त्याला मंडप लागत नाही.