डिपस्टिक गेली कुठे?

मामाचा फोन रात्री साडेदहाला आला की समजायचं, मॅटर सीरियस आहे. एरवी नऊच्या ठोक्याला हा माणूस गाढ झोपलेला असतो.

"तुला गाड्यांमधलं कळतं ना गं?"

"मामा, मी गाड्यांवर लिहिते. कळतं असं कधी म्हटलं नव्हतं."

"तेच ते. रविवारी सकाळी ये. नाश्त्याला थालीपीठ आहे."

गाडी म्हणजे मामाची २००४ ची मर्सिडीज. सी-क्लास, ऑटोमॅटिक, चंदेरी. दचकू नका, मामा काही बिल्डर-बिल्डर नाही. रिटायर झाल्यावर त्याने ही थर्ड हँड घेतली, तुम्ही-आम्ही साधी हॅचबॅक घेतो त्याहून कमी पैशात. मामी तीन दिवस बोलत नव्हती. "चौतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांची कार लोन पास केली, आता एक तरी माझी," हा मामाचा डिफेन्स. चौथ्या दिवशी मामी पुढच्या सीटवर बसून सारसबागेला जाऊन आली आणि विषय मिटला.

तर झालं असं, की आदल्या आठवड्यात दोघं वाईला बारशाला निघाले होते. खंबाटकी घाटात मामाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन जोरात ओरडलं आणि गाडी मात्र जागच्या जागी सुस्त. मागे ट्रक, ट्रकचा भोंगा, शेजारी मामीचं रामरक्षा स्तोत्र. दोन-तीन सेकंदांनी झटका बसून गिअर लागला. बारसं झालं, पण मामी एसटीने परत आली. अशी गाडी घाटात थांबली तर काय, हा तिचा प्रश्न. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

गॅरेजवाल्याकडे मात्र होतं. गिअरबॉक्स उतरवायचा, खोलायचा, एक लाख साठ हजार. "किंवा साहेब, विकून टाका, भंगारवाला चांगला देतोय." मामाने फोन केला तो हे ऐकून आल्यावर.

आता थोडा फंडा क्लिअर करू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल, म्हणजे एटीएफ, हे फक्त वंगण नाही. ते सगळी कामं करतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं, प्रेशर देऊन आतले क्लच दाबतं, वर गिअरबॉक्स थंडही ठेवतं. तेल कमी असलं की आतला पंप तेलाबरोबर हवा ओढायला लागतो. हवा दाबली जाते, प्रेशर पडतं, क्लच नीट पकडत नाहीत. घाटात तेल पॅनमध्ये एका बाजूला सरकतं आणि हे आणखी वाढतं. सकाळी थंड गाडीत तेल आकसलेलं असतं, म्हणून तेव्हाही त्रास जास्त. बरं, जास्त भरलं तरी गोची. फिरणारे पार्ट त्या तेलात घुसळायला लागतात, ताकासारखा फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. थोडक्यात, कमी नको, जास्त नको. मग मोजायचं कसं?

इथेच खरी गंमत आहे. मी बॉनेट उघडलं. मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ, डिपस्टिकची नळी व्यवस्थित दिसली. वर टोपण. टोपणाला प्लास्टिकची एक लॉक पिन. पिन काढली, टोपण उचललं... आत काहीच नाही! नुसती पोकळ नळी.

"चोरीला गेली?" मामा.

नाही मामा, ती कधी दिलेलीच नव्हती. मर्सिडीजने १९९६ च्या सुमारास हा पाच गिअरचा बॉक्स आणला, ७२२.६ नावाचा. तेव्हा सांगितलं होतं की यातलं तेल आयुष्यभर पुरेल, गिऱ्हाइकाने लक्ष घालायचं कारण नाही. (पुढे कंपनीनेच तेल बदलायचा सल्ला दिला, ती गोष्ट वेगळी.) मोजायची काठी फक्त वर्कशॉपमध्ये. मीटरभराहून लांब, वाकणारी, टोकाला प्लास्टिकची पट्टी. सुदैवाने तशाच काठ्या आता बाहेर पार्ट्सवाल्यांकडे मिळतात. पार्ट नंबर १४० ५८९ १५ २१ ०० सांगितला की काम होतं. पट्टीवर दोन ठिकाणी खुणा असतात, एक जोडी २५ अंशांसाठी, दुसरी ८० साठी. कारण तेल तापलं की फुगतं. थंड असताना 'मॅक्स'पर्यंत भरलंत तर गरम झाल्यावर ते कुठल्या कुठे जाईल.

मामाचा पहिला सल्ला होता, कपड्यांच्या दोरीची तार घालून बघू. घरोघरी असले इंजिनिअर असतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. तारेचा तुकडा किंवा कापसाचा धागा आत पडला, तर मग खरंच एक लाख साठ हजार.

काठी शुक्रवारी मिळाली. रविवारी प्रश्न आला तापमानाचा. मोबाइलला जोडायचे स्वस्त ओबीडी रीडर बहुतेक वेळा इंजिनच्या कूलंटचं तापमान दाखवतात, गिअरबॉक्सचं नाही. ट्रान्समिशन वाचणारा स्कॅनर मी एका मित्राकडून उधार आणला, मिसळीच्या बोलीवर. आणि तरीही अर्धा तास वाया घालवला, कारण गाडी पार्किंगमध्ये ठेवून मी आकडा बघत बसले होते. या गिअरबॉक्समध्ये तेलाचा सेन्सर आणि 'गाडी पी किंवा एनमध्ये आहे' हे सांगणारा स्विच एकाच सर्किटवर आहेत. पी-एनमध्ये तेलाचा खरा आकडा येतच नाही, कॉम्प्युटर इंजिनच्या तापमानावर वेळ मारून नेतो. म्हणजे आकडा बघायचा डीमध्ये, ब्रेक घट्ट दाबून, आणि मोजायचं पीमध्ये. म्हणून माणसं दोन हवीत. एक ब्रेकवर, एक बॉनेटशी.

मग आम्ही गाडी वारज्याच्या पुढे नेऊन फिरवून आणली. परत आल्यावर सोसायटीच्या गेटजवळच्या सपाट जागेत लावली. बेसमेंटमध्ये नको, इंजिन चालू राहणार आहे आणि धूर कोंडतो. पार्किंग ब्रेक लावला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. मामाने ब्रेकवर पाय ठेवून पी-आर-एन-डी असा लिव्हर सावकाश फिरवला, प्रत्येक ठिकाणी दोन-चार सेकंद थांबून, म्हणजे सगळ्या वाटांमध्ये तेल भरतं. स्कॅनरवर ८०. लिव्हर परत पीमध्ये. इंजिन चालूच. मी ओढणी घरीच ठेवली होती आणि केस बांधले होते. चालू इंजिनजवळ फॅन आणि बेल्ट असतात, तुम्हीही स्टाइल थोडा वेळ बाजूला ठेवा. ८० अंशांचं तेल हातावर पडलं तर चांगलंच भाजतं, म्हणून ग्लोव्ह्ज.

काठी धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची, तळाला टेकेपर्यंत आत घालायची, बाहेर काढून वाचायची. पहिल्या रीडिंगवर जाऊ नका. नळीच्या भिंतींना तेल चिकटलेलं असतं, ते काठीला लागतं आणि उगाच जास्त दिसतं. तीनदा करा, सगळ्यात कमी येईल तो आकडा धरा.

तीनदा केलं. ८० च्या पट्ट्याला तेल शिवलंसुद्धा नव्हतं. जेमतेम २५ च्या खालच्या खुणेपर्यंत.

"म्हणजे गळतंय?" मामाचा चेहरा उतरला.

खाली वाकून बघितलं. पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवलेला होता, कोरडा. या गिअरबॉक्सची एक ठरलेली दुखरी जागा म्हणजे बाजूचा इलेक्ट्रिक कनेक्टर. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तिथून तेल झिरपतं आणि वायरच्या आतून चढत थेट कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. तो प्लग सोमवारी लिफ्टवर बघून घेतला, तोही कोरडा. मग तेल गेलं कुठे?

उत्तर मामीने दिलं. ती घरातली प्रत्येक पावती ठेवते, गॅसची, केबलची, लाँड्रीचीसुद्धा. आठ महिन्यांपूर्वी त्याच गॅरेजने गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलला होता. बिलावर स्वच्छ लिहिलेलं, एटीएफ ३ लिटर. या बॉक्सचा पॅन उघडून फिल्टर काढला की साधारण चार लिटर तेल बाहेर येतं. तीनच घातलं आणि मोजायला काठी नव्हती. नंतर त्याच पठ्ठ्यांनी गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला! मामा काही बोलला नाही. त्याने फक्त चष्मा काढून पुसला, आणि ते बिल दुसऱ्यांदा वाचलं.

तेल घालतानाही घाई नाही. मॅन्युअलमध्ये असेल त्याच स्पेकचं घ्या. आमच्या गाडीला एमबी २३६.१० किंवा त्याच्या जागी आलेलं २३६.१४ चालतं. "लाल आहे ना, मग चालेल" हे दुकानदाराचं लॉजिक ऐकू नका. एटीएफला लाल रंग दिला जातो तो ओळखता यावं म्हणून, दोन लाल तेलं एकसारखी नसतात. लांब नळीच्या फनेलने पाव-पाव लिटर घातलं, दर वेळी लिव्हर फिरवला, पुन्हा मोजलं. साधारण एक लिटर गेलं तेव्हा पट्टी ८० च्या दोन खुणांच्या मध्ये आली. तिथे थांबलो. मामाला 'अजून थोडं' घालायचं होतं, ऐकलं नाही.

काठीवरचं तेल नाकाशी नेऊन बघा, हे मी खास सांगते. आमचं गडद लाल होतं, वास नेहमीचा. काळं असतं, जळका वास आला असता किंवा बोटावर धातूची चमक दिसली असती, तर लिटरभर तेलाने काही होणार नव्हतं आणि गॅरेजवाल्याचं निदान कदाचित खरं ठरलं असतं.

आता तुम्ही तुमच्या गाडीचं बॉनेट उघडायला पळण्याआधी... प्रत्येक ऑटोमॅटिकची तऱ्हा वेगळी. एएमटी असेल तर हा सगळा मामलाच लागू नाही, ती मुळात मॅन्युअल आहे. सीव्हीटीचं तेल वेगळं, मोजायची पद्धत वेगळी. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी गरम करून, इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात मोजायचं असतं, म्हणजे आमच्या बरोब्बर उलट. आणि ज्यांना नळीच नाही, उदाहरणार्थ झेडएफचा सहा गिअरचा बॉक्स जो कित्येक बीएमडब्ल्यूंमध्ये आहे, तिथे बाजूचा प्लग उघडून इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांमध्ये असताना, ते ओघळायला लागेपर्यंत भरायचं असतं. इंजिन बंद असताना तो प्लग उघडलात तर भसकन तेल खाली. गाडी लिफ्टवर सपाट हवी. घरच्या जॅकवर चालू इंजिनखाली शिरणं म्हणजे वेडेपणा. हे गॅरेजमध्येच करा, फक्त समोर उभे राहा आणि किती लिटर काढलं, किती घातलं ते विचारा.

मामाची गाडी शंभर टक्के बरी झाली का? नाही. सकाळी पहिल्यांदा आरमध्ये टाकली की किंचित धक्का अजून बसतो. आठ महिने कमी तेलावर चालली, आत थोडी झीज झालीच असणार. पण घाटात ओरडणं बंद झालंय. गेल्या शनिवारी आम्ही तिघं खंबाटकी चढून वाईला गेलो, मामी मागे बसली होती, दाराजवळ, पर्स मांडीवर घेऊन. बोगद्यातून परत येताना ती झोपली होती.

काठी आता मामाकडे देवघराशेजारच्या खुंटीवर टांगलेली असते, छत्रीच्या बाजूला. काल परत फोन आला. शेजारच्या जोशी काकांची पण ऑटोमॅटिक आहे म्हणे.