एकवार, दोनवार...

लिलाव म्हटलं की आमच्या पिढीला पहिली आठवते ती जप्ती. कुणाच्या तरी ओटीवर मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, दाराशी उभा असलेला कारकून आणि आत तोंडाला पदर लावून बसलेली घरची बाई. आमच्या आळीत असा एक लिलाव मी लहानपणी पाहिला होता. शेजारपाजारच्या एकानेही बोली लावली नाही, संकोचापोटी. मग परगावच्या व्यापाऱ्याने सगळं मातीमोलाने उचललं. 'अब्रूचा लिलाव' म्हणजे काय, हे आम्हाला शाळेत शिकावं लागलं नाही!

(शब्द मुळात आपला नाहीच. पोर्तुगीजांच्या 'लेइलांव'चा आपण लिलाव केला. असो, मास्तरीण गप्प बसत नाही.)

म्हणून परवा सूनबाई म्हणाली, "आई, मुलींच्या वसतिगृहासाठी लिलाव आहे, चला," तेव्हा मी फार काही आशा धरून निघाले नव्हते. तालुक्याला शिकायला येणाऱ्या तीसेक मुलींचं छोटं वसतिगृह. पत्रे गळतात, पावसाआधी बदलायचे होते. लोकांनी घरातल्या चांगल्या वस्तू दिल्या होत्या: एक पायपेटी, तांब्याचा बंब, शिसवी पाट, चित्रं, हाताने शिवलेल्या गोधड्या.

अशा कार्यक्रमांत मला एका गोष्टीची धास्ती असते. ज्यांच्यासाठी पैसे गोळा होतात त्या मुलांना व्यासपीठावर रांगेत उभं करतात, एखादीला 'दोन शब्द' बोलायला लावतात, आणि समोरचे रुमाल काढतात. तीस वर्षं शाळेत काढली, त्या रांगेतल्या मुलांची खाली गेलेली मान मी विसरलेली नाही.

इथे तसं काहीच नव्हतं. मुली कामात होत्या. एक फळ्यावर बोलीचे आकडे लिहीत होती, दोघी वस्तू फिरवून दाखवत होत्या, आणि नववीतली एक किडकिडीत पोर पावतीपुस्तक घेऊन बसली होती. बंबावर दोघा व्यापाऱ्यांची जुंपली. ५०० रुपयांपासून निघालेला आकडा ११,००० वर गेला. एकवार, दोनवार, तीनवार! टाळ्या संपायच्या आत ती पोर त्या गृहस्थांपुढे हजर. "नाव सांगा. रोख की चेक? उद्या नाही चालणार काका, आजच हिशोब बंद करायचाय." आणि एवढा मोठा माणूस खिसे चाचपत राहिला! मला त्या संध्याकाळचं सगळं काही तिथेच मिळालं.

धाकट्या वन्संचं मत वेगळं. (वाचतीलच त्या.) दान कसं गुप्त असावं, हा चढाओढीचा तमाशा कशाला, असं त्या चहा पिताना म्हणाल्या. गुप्तदानाबद्दल मला आदरच आहे, पण त्यात घेणाऱ्याची मान वर राहतेच असं नाही. लिलावात मध्ये वस्तू असते. देणारा गिऱ्हाईक होतो आणि गिऱ्हाइकाकडे पैसे मागायला कुणाला लाजावं लागत नाही. मिरवायचं असेल त्याने मिरवावं की! पत्र्यांना त्याचं काय?

आणि हे काही आजचं खूळ नव्हे. गांधीजींनी १९३३ च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून हरिजन दौरा सुरू केला, तेव्हा त्यांना मिळालेल्या मानपत्रांचासुद्धा ते सभेतच लिलाव करत. सहीचे पाच रुपये घेत, तेही हरिजन निधीसाठी. त्यांच्याइतका संकोच सोडलेला मागणारा आणि त्यांच्याइतका निरिच्छ माणूस एकच होता, हे विसरून कसं चालेल? गोव्यात देवाला आलेल्या वस्तूंची देवळात पावणी होते, लालबागच्या राजापुढचे दागिने उत्सवानंतर जाहीर बोलीने जातात. तिथे कुणी तमाशा म्हणत नाही.

एक खोट मात्र आहे, ती सांगायलाच हवी. ज्याच्याकडे पैसा, त्याचाच हात वर. मागच्या बाकांवर बसलेल्या पेन्शनरांनी, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी काय करायचं? पुढच्या वेळी पन्नास-शंभरात सुटतील अशा वस्तूही ठेवा, असं मी चालकांना सांगून आले. एका मावशींची नजर लाकडी काठवटीवर होती. ती २,००० ला गेली.

मी गोधडीवर बोली लावली. ३०० म्हटलं. मागून आवाज आला, ४००! वळून पाहते तर वन्सं. गुप्तदानवाल्या! आम्ही दोघी १,४०० पर्यंत गेलो, सगळं सभागृह हसत होतं. शेवटी त्यांनी हात खाली घेतला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "तुला परवडेल तेवढीच चढवली हो वहिनी."

पोर पावतीपुस्तक घेऊन आली. माझ्या आडनावातली वेलांटी तिने ऱ्हस्व काढली होती. मी दीर्घ करायला लावली. तिने केली, आणि म्हणाली, "आता पैसे द्या आजी."