टोमॅटोची ॲलर्जी रिपोर्टवरून ठरत नाही

'एका रक्ततपासणीत दोनशे पदार्थांची ॲलर्जी ओळखा' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. काही हजार रुपये मोजले की रंगीत रिपोर्ट हातात येतो. लाल रकान्यात गहू, दूध, वांगं आणि टोमॅटो. त्या दिवसापासून घरात टोमॅटो बंद. माझं स्पष्ट मत आहे की केवळ अशा रिपोर्टवरून काहीही बंद करू नका.

या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. आपण जे नेहमी खातो, त्याची शरीराने घेतलेली ती नोंद असते. रोज आमटीत टोमॅटो घालणाऱ्याचा आकडा वाढलेला दिसला, तर तो टोमॅटो खातो एवढंच सिद्ध होतं. अन्नाची ॲलर्जी ठरवायला ही तपासणी वापरू नये, असं युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे. तरीही तिची विक्री थांबलेली नाही.

"पण डॉक्टर, टोमॅटो बंद केल्यावर मला बरं वाटलं!" वाटलं असेल. टोमॅटोबरोबर तुमचा पिझ्झा, पावभाजी आणि सॉसही बंद झाला ना? टोमॅटो आंबट असतो, त्यामुळे काहींची छातीतली जळजळ वाढते. लहान मुलांच्या तोंडाभोवती रस लागून नुसती लाली येते आणि थोड्या वेळाने जाते. हे त्रास खरे आहेत, पण ती ॲलर्जी नव्हे.

मग खरी ॲलर्जी कशी ओळखायची? त्रास सहसा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो: तोंडात खाज, ओठांवर सूज, अंगावर गांधी, उलटी, दम लागणे. पुन्हा खाल्लं की पुन्हा तेच होतं. अशी हकिकत असेल तर त्वचेवरची चाचणी किंवा रक्तातली आयजीई तपासणी उपयोगी पडते. मात्र तीही एकटी निकाल देत नाही. तपासणी पॉझिटिव्ह असूनही टोमॅटो सुखाने खाणारी माणसं असतात.

परागकणांची ॲलर्जी असलेल्या काहींना कच्च्या टोमॅटोने फक्त तोंडात खाज येते आणि शिजवलेला चालतो, कारण त्रास देणारं प्रथिन उष्णतेने मोडतं. पण टोमॅटोत उष्णतेला दाद न देणारं प्रथिनही असतं. म्हणून आधी जोरात रिॲक्शन आली असेल तर 'शिजवून बघू' हा प्रयोग घरी करू नका. आणि टोमॅटो एकाच कुळातला म्हणून बटाटा, वांगं, मिरची सरसकट सोडायचंही कारण नाही.

मी या विषयावर इतका का चिडतो? 'मला ॲलर्जी आहे' हा शब्द स्वस्त झाला की ज्याला खरी ॲलर्जी आहे, त्याचं कोणी ऐकत नाही. पंगतीत त्याला सांगतात, "फोडी बाजूला काढ, रस्सा खा." तो रस्साच त्याला दवाखान्यात नेऊ शकतो.

अशा माणसाला वेष्टनावरची ॲलर्जीची सूचनाही पुरत नाही. आपल्याकडे ती शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन अशा ठरावीक घटकांसाठी सक्तीची आहे, त्यात टोमॅटो नाही. त्यामुळे घटकांची पूर्ण यादी वाचा. मसाल्याच्या पुडीत टोमॅटो पावडर असू शकते. हॉटेलात लाल ग्रेव्ही कशाची, हे स्पष्ट विचारा. घरी आंबटपणाला आमसूल, चिंच, दही आहेच. श्वास अडकणं, आवाज बसणं, चक्कर यांपैकी काही झालं तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून थांबू नका. मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हा पहिला उपचार आहे. ते जवळ असेल तर लगेच द्या, नसेल तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

शंका असेल तर पॅकेजवर पैसे घालवण्याआधी एक वही करा. काय खाल्लं, कच्चं की शिजवलेलं, किती वेळाने काय झालं, ते लिहा. त्या पुरळाचा फोटो काढा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे या. दोनशे पदार्थांच्या रिपोर्टपेक्षा ती आम्हाला जास्त सांगते.