न बोलावता उठणारे

कॉम्प्युटर सुरू होताक्षणी जो प्रोग्रॅम आपण होऊन उठतो आणि पडद्याआड काम करत बसतो, त्याला मस्टर लागू केलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे बँकेतल्या कारकुनाचं मत, त्यामुळे कोणी ऐकणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पण बघा, आमच्याकडे तिजोरी उघडायची तर दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागतात. आणि टेबलावरच्या त्या डब्यात मात्र बटण दाबलं रे दाबलं, की डझनावारी असामी कामावर हजर! यातल्या कित्येकांचं काम काय, तर आपली नवी आवृत्ती निघाली का, हे विचारणं. अहो, निघाली तर निघाली! बारशाला आम्ही येऊ. रोज सकाळी उठून विचारायला कशाला जाता?

पाचोडच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीला ऑटोस्विच बसवला की रात्री दोनला लाइट आली तरी मोटार आपोआप सुरू, मोसंबीला पाणी चालू आणि मालक अंथरुणात. सोय मोठी आहे, नाही कोण म्हणतो? साप-विंचवाच्या अंधारात उठून जाण्यापेक्षा बरी. पण लाइट येते ती सगळ्या शिवाराला एकदम. मोटार उठताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. साऱ्या मोटारी एकाच वेळी उठल्या की डीपी जळते, आणि मग कोणाच्याच मोसंबीला पाणी नाही. म्हणून तर महावितरण पुन्हा पुन्हा विनवतं, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा.

कॉम्प्युटरची डीपी म्हणजे त्याची डिस्क आणि मेमरी. सकाळी सगळे एकदम तिच्यावर तुटून पडतात. काउंटरपलीकडे मोसंबीच्या पट्टीचा चेक घेऊन शेतकरी उभा. पडद्यावर चक्र गरगरतंय. आणि त्याची परतीची एस. टी. काही चक्र थांबेपर्यंत थांबत नाही.

विंडोजवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांच्या सर्व्हिसेसच्या यादीत प्रत्येकापुढे शेरा असतो: ऑटोमॅटिक, मॅन्युअल किंवा डिसेबल्ड. २००७ साली व्हिस्टा बाजारात आली, तिच्यात ‘ऑटोमॅटिक, पण जरा दमानं’ अशा अर्थाचा चौथा शेरा मिळाला. म्हणजे औषध आहे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपलंच लेकरू अत्यावश्यक वाटतं. तो त्याला पहिल्या पंगतीलाच बसवतो.

कोणी उठूच नये, असं माझं म्हणणं नाही. छापायचं तर प्रिंट स्पूलर जागा हवाच. कोणी लॉगिन करो न करो, जागं राहणं हेच ज्याचं काम, तो खरा सर्व्हिसवाला. पण त्यालाही अधिकार मोजून द्या. हा स्पूलर ‘लोकल सिस्टिम’ या नावानं चालतो, म्हणजे खुर्ची कारकुनाची आणि सही चेअरमनची! २०२१ साली त्याच्यातली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची फट उघडकीला आली. छपाईच्या वाटेनं शिरून अख्ख्या मशीनचा ताबा घेता येतो, हे दिसल्यावर जुलै महिन्यात मायक्रोसॉफ्टला घाईघाईनं दुरुस्ती काढावी लागली. गंमत म्हणजे, ज्या मशीनला प्रिंटरच नाही, तिथंही हे गृहस्थ सहसा उठून बसलेलेच असतात.

तेव्हा माझ्या मागण्या युनियनच्या भाषेत सांगतो. एक, उठण्याआधी मालकाला विचारा. दोन, लागेल तेव्हाच उठा. तीन, कामापुरतेच अधिकार घ्या. चार, उठलात तर मस्टरवर नाव, गाव आणि काम वाचता येईल अशा अक्षरात लिहा. हे मान्य नसेल तर ‘डिसेबल्ड’ हा शेरा आहेच. लाल शाई आम्ही अजून जपून ठेवली आहे.