शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे?

संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी परवा भेटावयास आला. सहा महिन्यांच्या उमेदवारीसाठी तो हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होत आहे. करारपत्र त्याने पुढे केले. त्याने लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर मालकी कंपनीची; कामाच्या तासांचा मात्र उल्लेखही नाही.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे १८ वे कलम सांगते की, असा उमेदवार कामगार नव्हे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधरही या कक्षेत आले. तरी त्याच कायद्यात करारनोंदणी, विद्यावेतन, कामाचे तास आणि अपघात-भरपाई यांची तरतूद आहे. महाविद्यालयाने परस्पर पाठविलेल्या ‘इंटर्न’ला बहुधा तेवढेही कवच नसते.

शिकविले जात असेल तर सवलत समजू शकते. परंतु विद्यार्थ्याने दुरुस्त केलेली आज्ञावली त्याच सायंकाळी ग्राहकाच्या वापरात जात असेल, तर ते उत्पादन होय. आणि उत्पादक श्रमाला वेतन मिळालेच पाहिजे.

युवक कार्यकर्त्यांनी महाविद्यालयांकडे मागणी धरावी: तास, विद्यावेतन व शिकविणाऱ्याची जबाबदारी करारात लिहिल्याखेरीज विद्यार्थी पाठवू नयेत. त्या मुलाला मी एवढेच म्हटले, “मन लावून शीक, पण रोजचे तास वहीत टिपून ठेव.”